रक्तातला आकडा



माझ्या धाकट्या बहिणीच्या हृदयात कृत्रिम झडप बसून बरीच वर्षं झाली. तिच्यामुळे एक गोष्ट मला नीट कळली. शस्त्रक्रिया एका दिवसात होते, पण रक्ताचा आकडा जन्मभर सांभाळावा लागतो. आज त्या आकड्याविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे झडप बिघडण्याचं एक मोठं कारण म्हणजे लहानपणचा संधिवाताचा ताप. घसा दुखतो, काही आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात, झडप मात्र अनेकदा जायबंदी होते. मग कधी ती बदलावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने बनलेली भारतीय झडप १९९० मध्ये प्रथम माणसाला बसवली गेली. अशी यांत्रिक झडप वर्षानुवर्षं टिकते. पण रक्ताला ती परकीच वाटते. रक्त तिच्यावर गोठू पाहतं. गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा ती गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो.

म्हणून रक्त गोठू न देणारी गोळी रोज घ्यावी लागते. त्यातल्या वॉरफरिनची कथा मोठी विलक्षण आहे. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी आलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने चाऱ्यातलं कारण शोधलं. त्याच कामातून पुढे वॉरफरिन आलं, आधी १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून आणि १९५४ पासून माणसांचं औषध म्हणून. विष आणि औषध यांत फरक फक्त मात्रेचा.

ती मात्रा ठरते 'आयएनआर' या तपासणीवरून. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. यांत्रिक झडप असलेल्यांचा, झडप कुठली आहे त्यानुसार, बहुधा २ ते ३ किंवा अडीच ते साडेतीन ठेवतात. कमी झाला तर गुठळीची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची.

अडचण अशी, की आकडा बिघडला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. 'बरं वाटतंय, कशाला तालुक्याला जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची?' असं म्हणून तपासणी टळते. नेमकं तेच जिवावर बेततं. नव्या, वारंवार तपासणी न लागणाऱ्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं.

माझी बहीण एक वही ठेवते. त्यात तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा. मेथी, पालक खाते, पण बेताने आणि नेमाने. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम भाजीची जुडी, असं नाही. अंगदुखीची गोळी किंवा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. रमजानमध्ये खाण्याच्या वेळा बदलतात, म्हणून आधीच विचारून येते. चातुर्मासात उपास धरणाऱ्यांनीही तसंच करावं. दात काढायचा असो वा मूल हवं असो, डॉक्टरांना आधी सांगायला हवं. ही औषधं गर्भाला अपाय करू शकतात. पण आपल्या मनाने गोळी बंद करणं त्याहून धोक्याचं.

तुमच्या घरात, शेजारी कुणाची झडप बदलली असेल, तर 'तब्येत कशी आहे?' एवढंच विचारू नका. 'रक्त कधी तपासलं, आकडा किती आला?' हेही विचारा.