दुखणे मोजायचे कसे?



‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ असे आपण म्हणतो. ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे. दुखणे मात्र दुसऱ्याला दिसत नाही आणि काट्यावर तोलताही येत नाही. मग अमुक औषधाने दुखणे थांबते, हे डॉक्टर लोक कशावरून ठरवतात? आज तेवढेच सांगायचे आहे. ते ऐकून ठेवावे, कारण प्रत्येक घरात कधी ना कधी दुखणाईत माणूस असतोच.

वेदनेवरची सर्वांत जालीम औषधे अफूच्या कुळातली. अफूच्या चिकातून मॉर्फीन निघते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना फेंटानिल वापरतात. ते बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० साली तयार केले. ते मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट जोरकस आहे. या औषधांचा गुण मोठा, तसा अवगुणही मोठा. मात्रा चुकली तर श्वास मंदावतो. भलत्या ठिकाणी वापरले तर व्यसन जडते. मॉर्फीनपासूनच केलेले हेरॉइन १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. त्याची सवय लागत नाही, असा तेव्हा समज होता. पुढे काय झाले, ते सांगायला नको. पारख न करता औषध वापरले की असे होते.

पारख करायची कशी, हे शिकवणाऱ्यांत बॉस्टनचे भूलतज्ज्ञ डॉ. हेन्री बीचर हे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर होते. जबर जखमी झालेल्या सैनिकांना ते विचारीत, “दुखतंय का? औषध हवं का?” सुमारे तीनचतुर्थांश सैनिकांनी औषध नको म्हणून सांगितले! जखम मोठी, पण रणांगणातून जीव वाचला हा दिलासा त्याहून मोठा. १९४६ साली बीचर यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. जखम पाहून वेदनेचा अंदाज बांधता येत नाही, हा त्यांतला धडा.

पुढे शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. काही वेळा मॉर्फीनची सुई, काही वेळा नुसत्या मिठाच्या पाण्याची. पाण्याच्या सुईनेही कित्येकांना आराम वाटला! म्हणजे ‘औषध दिलं आणि बरं वाटलं’ एवढा पुरावा पुरेसा नाही.

शेतकरी बंधूंना हे लगेच पटेल. नवे बियाणे काळ्या कसदार रानात पेरले, जुने मुरमाड माळावर, आणि मग ‘नवं बियाणं चांगलं’ म्हटले, तर कुणी मानील काय? जमीन, पाणी, खत सारखे हवे. औषधाचेही तसेच. कोणत्या रोग्याला कोणते औषध, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात. सुईत काय आहे ते रोग्याला ठाऊक नसते, आणि विचारपूस करणाऱ्या परिचारिकेलाही नसते. न्यूयॉर्कच्या कर्करोग रुग्णालयात डॉ. रेमंड हूड आणि परिचारिका अ‍ॅडा रॉजर्स यांनी हीच रीत चालवली. एकाच रोग्याला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी औषधे द्यायची आणि दर तासाला विचारायचे: दुखणे मुळीच नाही, थोडे, मध्यम की फार? रोगी सांगेल ते प्रमाण. काट्यावर न तोलता येणारे दुखणे असे मोजता येऊ लागले.

आपण विचाराल, “चाचणीसाठी माणसाला कण्हत ठेवायचं काय?” मुळीच नाही. आज शस्त्रक्रियेनंतरच्या पुष्कळ चाचण्यांत सर्वच रोग्यांच्या हाती एक बटण देतात. दुखले की दाबायचे. ठरलेली मात्रा शिरेत जाते, पण ठरावीक वेळ गेल्याशिवाय पुन्हा जात नाही. नवे औषध मिळालेल्यांना मॉर्फीन कमी लागले काय, यावरून त्या औषधाचा गुण समजतो. रोग्याची संमतीही हवीच. ती न घेता किंवा धोका न सांगता केलेल्या प्रयोगांवर खुद्द बीचर यांनीच १९६६ साली टीकेचा लेख लिहिला. आपल्या देशात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची आहे.

आता या पारखीने काय शिकवले? दोन गोष्टी, आणि त्या दोन दिशांच्या आहेत.

पहिली: पाठ किंवा मान धरली म्हणून ही औषधे मागू नयेत. ऑस्ट्रेलियात पाठ व मान दुखणाऱ्या ३४७ जणांवर चाचणी झाली. काहींना अफूच्या कुळातले औषध दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला.

दुसरी: कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फीन हे खरोखर गुणाचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले की ते पोटात द्यावे, घड्याळ लावून द्यावे, दुखणे वाढण्याची वाट पाहू नये. तरी आपल्याकडे घरची माणसे म्हणतात, “नको, सवय लागेल”, नाहीतर “मॉर्फीन म्हणजे शेवटच आला.” या भीतीपायी रोगी रात्र रात्र तळमळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत घेतले तर ही भीती बाळगण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठ मात्र होते. त्याचे औषध बरोबरच मागून घ्यावे. गोळ्या कुलपात ठेवाव्या, दुसऱ्याला देऊ नयेत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, ती असे औषध रोग्यापर्यंत सुलभपणे पोचावे म्हणूनच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वेदना शमवण्यासाठी स्वतंत्र विभागच आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात लोक तुमचा शब्द मानतात. कुणाच्या घरी असा दुखणाईत असेल तर घरच्यांना एवढे सांगा: “त्याला विचारा, किती दुखतंय? तो सांगेल ते खरं माना, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घाला.” सत्तरऐंशी वर्षांच्या चाचण्यांचा पाया हाच आहे. दुखणे ज्याचे, साक्ष त्याची.