फार्मसीचा अर्ज अकरावीतच सुरू होतो

(मीरा रोड येथे मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी एका मुलीबद्दल आणि तिच्या काही कागदांबद्दल बोलणार आहे.

काशीमिऱ्याच्या पुढे डोंगराच्या कडेला वारली पाडे आहेत. त्यांतल्या एका पाड्यावर आपला अभ्यासवर्ग चालतो. तिथे येणारी एक मुलगी दहावीत असताना तिच्या आजीला सारखी चक्कर येऊ लागली. मुलीने आजीच्या पिशवीतल्या गोळ्या काढून पाहिल्या. एक पाकीट सरकारी दवाखान्यातले होते, दुसरे दुकानातून आणलेले. दोघांची नावे वेगळी, रंग वेगळे. पण बारीक अक्षरांत लिहिलेले औषधाचे मूळ नाव एकच होते, ॲम्लोडिपिन. म्हणजे आजी रक्तदाबाचे एकच औषध दुप्पट घेत होती. डॉक्टरांना दाखवून ते थांबवले. त्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, हे सगळं शिकवतात ते कॉलेज कुठलं?"

मी तिला फार्मसीबद्दल सांगितले. पूर्वी आपल्या मिशनच्या इस्पितळांतून कंपाउंडर असत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ सुरू केले, त्या काळात डॉक्टरांच्या हाताखाली उभे राहून औषधे बनवायला शिकता येई. १९४८ च्या फार्मसी कायद्यानंतर ते दिवस गेले. आता मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवा आणि राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी हवी. बी. फार्म. चार वर्षांचे. डी. फार्म. दोन वर्षांचे, आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. तिने बी. फार्म. करायचे ठरवले.

मग दोन वर्षे आम्ही अभ्यासाच्या मागे लागलो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावी विज्ञानाला गेल्यावर सगळी पुस्तके इंग्रजीत. मुलगी घाबरली. तेव्हा आम्ही एमएचटी-सीईटीची माहितीपुस्तिका नीट वाचली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही घेता येतात. गणिताचे मात्र इंग्रजीतच असतात. फार्मसीला भौतिक आणि रसायन सक्तीचे, आणि गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते. तिने जीवशास्त्र घेतले. परीक्षा २०० गुणांची, त्यांतले १०० जीवशास्त्राचे. बहुतेक प्रश्न बारावीचे, पण सुमारे २० टक्के अकरावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा संगणकावर असते, म्हणून आपल्याच मंडळीतल्या एका बंधूंच्या घरी ती शनिवारी माऊस धरायला शिकली.

ती बारावी चांगली उत्तीर्ण झाली. सीईटीचे गुणही प्रवेशापुरते आले. पाड्यावर पेढे वाटले.

आणि मग कागद तपासणीला तिला विचारले, "व्हॅलिडिटी कुठे आहे?"

तिच्याकडे प्रांत कार्यालयाचा अनुसूचित जमातीचा दाखला होता. आम्हाला वाटले होते, तेवढे पुरेल. पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायला तो दाखला खरा असल्याचे जमात पडताळणी समितीचे प्रमाणपत्रही लागते. त्यालाच वैधता प्रमाणपत्र किंवा व्हॅलिडिटी म्हणतात. ही समिती वडिलांकडच्या घराण्याचे पुरावे पाहते, शंका आली तर घरी चौकशीला माणसे पाठवते. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी लागू झाली. त्यामुळे त्याआधीचा पुरावा असला तर त्याला मोठे वजन. आता सांगा, ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांचा १९५० च्या आधीचा कागद कुठून आणायचा? तिच्या वडिलांच्या शाळेच्या नोंदीत जमातीचे नावच नव्हते, नुसते 'हिंदू' लिहिलेले होते.

आम्ही धावलो. अर्ज केल्याची पोच दाखवली, मुदत मिळाली. मुदत संपली, प्रमाणपत्र आले नाही. जागा गेली.

या गोष्टीत मी कोणत्याही कार्यालयाला दोष द्यायला उभी नाही. दोन वर्षे मी तिला चाचणीचे गुण विचारत राहिले. कागद एकदाही विचारले नाहीत. अकरावीत गेल्यावर लगेच ज्युनिअर कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करायला हवा होता, हे काम माझे होते. प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा जो दाखला दिला, त्यावर मी कितीदा तरी बोलले आहे. आधी बसून हिशोब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धे राहते. तिचा पाया घातलेला होता. हिशोब करायचा मीच राहिले.

प्रमाणपत्र पुढच्या वर्षी मिळाले. तिच्या चुलत आजोबांच्या मृत्यूची जुनी नोंद गावच्या कोतवाल बुकात सापडली, त्यात जमात स्पष्ट लिहिलेली होती. पण तोवर वडिलांचे काम सुटले होते. ती आज भाईंदरला एका स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला जाते.

म्हणून आता आपल्या वर्गात नियम केला आहे. दहावीचा निकाल लागला की प्रत्येक मुलाची एक फाईल होते. तिच्यात मुलाचा, वडिलांचा, आजोबा-आत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या नकला, सातबारा असल्यास तो, आणि वंशावळ. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल, तर त्याची प्रत सर्वांत वर. नावांतले फरकही आत्ताच तपासायचे. कुठे 'वारली', कुठे नुसते 'आदिवासी', कुठे आडनावच वेगळे, असे आढळते. ते अकरावीत कळले तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

काही बंधू विचारतात, कुटुंब ख्रिस्ती झाले तर जमातीचा हक्क जातो का? केवळ धर्म बदलल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातींचा नियम वेगळा आहे, म्हणून हा गोंधळ होतो. आणि आपला अभ्यासवर्ग कुणाचा धर्म विचारत नाही, हेही सांगून ठेवते.

आता आपण काय करू शकता? देणगीबद्दल आभार आहेतच. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत अर्ज करता येतो. पण हे पैसे हाती येईपर्यंत महिने जातात, आणि पुस्तके, ॲप्रन, रेल्वेचा पास पहिल्याच आठवड्यात लागतात. तेवढ्या मधल्या महिन्यांची सोय आपल्या देणगीतून होते.

त्याहून जास्त मला तुमचा एक कामाचा दिवस हवा आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कार्यालयांत आयुष्य घातलेले कारकून आहेत. कोणत्या खिडकीवर काय मागायचे, नकलेचा अर्ज कसा लिहायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाड्यावरचा बाप एकटा गेला तर "उद्या या" ऐकून परत येतो, आणि दर खेपेला त्याची रोजंदारी बुडते. तुम्ही सोबत गेलात तर तो काय मागायचे ते जाणून खिडकीवर उभा राहील. यंदा अकरावीत आपली दोन मुले आहेत. दोन फाईली, दोन सोबती. एवढेच आज मागते आहे.

त्या मुलीचे काय, असे तुमच्या मनात असेल. सीईटी पुन्हा देता येते. गेल्या महिन्यात ती कारखान्यातून सुटल्यावर थेट वर्गावर आली, रसायनशास्त्राचे पुस्तक मागायला. मी म्हटले, "घरचं कसं करशील?" ती म्हणाली, "ते बघू ताई. आता कागद तर आहेत."

तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि ज्यांना जमेल त्यांनी सभेनंतर दाराजवळच्या टेबलावर आपले नाव आणि मोकळा वार लिहून जा.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वादित करो. आमेन.