उत्तराआधीच्या पायऱ्या



पानिपत म्हटले की मराठी मनात १७६१ उभे राहते. त्याच पानिपतात १८२१ मध्ये गणिताचा एक थोर शिक्षक जन्मला, हे मात्र क्वचितच आठवते. मास्टर रामचंद्र हे त्यांचे नाव. ते दिल्ली कॉलेजात शिकवीत; आजचे झाकिर हुसेन दिल्ली कॉलेज हा त्याच संस्थेचा वारसा. जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किंमत शोधण्याचे प्रश्न एरवी कलनशास्त्राने सोडवतात. ते निव्वळ बीजगणिताने उलगडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यास निघाला आणि गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या पुढाकाराने १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला. भास्कराचार्यांच्या देशातील विद्यार्थ्याला बीजगणिताच्या ओळखीच्या वाटेने उंच नेता येते, ही त्यामागची दृष्टी होती.

त्याच जातीचे एक साधे उदाहरण घ्यावे. २० मीटर दोरीने आयताकृती वाफा आखायचा आहे. क्षेत्रफळ सर्वांत अधिक केव्हा होईल? लांबी आणि रुंदी यांची बेरीज १०. मूल मांडून पाहते: ९ × १ = ९, ८ × २ = १६, ७ × ३ = २१, ६ × ४ = २४, ५ × ५ = २५. उत्तर सापडले, गणित मात्र संपले नाही. अपूर्णांक घेतल्यास २५ ओलांडता येणार नाही, हे कशावरून? एक बाजू ५ + क्ष धरली, तर दुसरी ५ − क्ष. गुणाकार २५ − क्ष². वर्ग कधीच ऋण नसतो. म्हणून २५ मधून काही कमी होईल, वाढणार नाही. शंका फिटली.

गृहपाठाच्या वहीतून नेमक्या याच ओळी गळतात. दिवसभर दमलेले पालक रात्री मोबाइल उघडतात, तयार उत्तर मिळते, मूल ते उतरवते. त्यात भाषेची अडचण. आई ‘लसावि’ शिकलेली, शेजारच्या हिंदी शिकवणीत तोच ‘ल.स.’, इंग्रजी पुस्तकात ‘एलसीएम’. शब्द तीन असले तरी पायऱ्या त्याच आहेत.

म्हणून बीजगणित विसरलेल्या पालकालाही मुलाजवळ बसता येते. दोनच प्रश्न पुरतात: ‘काय दिले आहे?’ आणि ‘ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?’ मंडळाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, हा लाभ दुय्यम. आपल्या उत्तराची खात्री मुलाला स्वतःच करता येऊ लागते, हा खरा लाभ.

चुकलेली पायरी खोडरबराने पुसू देऊ नये. तिच्यावर एक रेघ मारून खाली नवी लिहू द्यावी. मूल कोठे अडले, हे दुसऱ्या दिवशी शिक्षकाला तेथेच दिसते. केवळ बरोबर उत्तर असलेली वही त्याला काहीच सांगत नाही.