दारची पायरी

घर बांधताना आपण चौकटीला सढळ हातानं पैसा घालतो, पायरी मात्र उरल्यासुरल्या मालात उरकतो. मग दुसऱ्या पावसाळ्यात तिची कड उडते आणि म्हातारं माणूस नेमकं तिथंच ठेचकाळतं.

खालची भुसभुशीत माती काढून मुरूम ओला करून ठोकावा. फळ्यांच्या साच्याला आतून तेलाचा हात द्यावा. उंची १५ सेंटिमीटर, रुंदी ३०. बाहेरच्या अंगाला अर्धा सेंटिमीटर उतार. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. पाणी बेतानंच. पातळ माल पसरतो झकास, पण वाळला की त्याचा भुगा सुटतो. भरताना कडेनं सळईनं खोचावं, म्हणजे दर्शनी बाजूला भोकं राहत नाहीत.

आता गुळगुळीतपणाचं. काही गवंडी वर पाणी तरंगत असतानाच कोरडं सिमेंट भुरभुरून घोटतात. दिसतं आरशासारखं, पण पुढं पापुद्रे सुटतात. पाणी आपोआप विरू द्यावं. अंगठ्याचा किंचित ठसा उठेल तेव्हा थापी फिरवावी. दर्शनी बाजू खुशाल घोटा, कड जरा गोल करा. पण पाय पडतो ती जागा लाकडी रंध्यावरच सोडा. ओल्या पायांना तेवढी खरखर लागतेच. गुरुजी, शाळेच्या पायऱ्यांना तर हे आधी!

दुसऱ्या दिवसापासून निदान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंट असेल तर १० दिवस, पायरीवर ओलं गोणपाट ठेवा. आणि पहिले दोन-तीन दिवस घरच्यांना मागल्या दारानं जा-ये करायला सांगा.