डायलिसिसचं पाणी झाडांना चालेल का?

आम्ही तिकोणा पेठेतल्या बचत गटाच्या महिला बोलतोय.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मालकांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा शहरात जावं लागतं. बाहेर चार-चार तास बसून ताईंनी एक गोष्ट पाहिली. मागच्या पाइपातून स्वच्छ दिसणारं पाणी सारखं गटारात जात होतं. मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "मे महिन्यात आपण हंड्यासाठी पायपीट करतो, आणि तिथं एवढं पाणी वाया! झाडांना नाही का चालणार?"

आम्ही तिथल्या टेक्निशियनदादांना विचारलं. तेव्हा कळलं, ही पाणी दोन असतात.

पहिलं, मशिनच्या आधीचं. एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ते आरओ यंत्रातून काढताना क्षाराचं पाणी वेगळं पडतं. त्याचा पेशंटशी संबंधच येत नाही. ऑस्ट्रेलियात जिलाँग इथं डॉ. जॉन अगार यांनी असं पाणी पुन्हा वापरात आणलं.

दुसरं, पेशंटच्या मशिनमधून बाहेर आलेलं. त्यात शरीरातली घाण असते, जंतूही असू शकतात. ते सांडपाणी शुद्धीकरणालाच गेलं पाहिजे. भाजीपाल्याला ते कधीच घालायचं नाही.

पहिलं पाणीही डोळे झाकून घालू नका. आमचीच चूक सांगतो. घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी आम्ही कुंडीतल्या घेवड्याला रोज घातलं. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. घेवडा, कांदा यांना खारं पाणी सोसत नाही. नारळ, बीट यांना बरंच सोसतं. म्हणून आधी बाटलीभर पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्या. एक पाळी या पाण्याची, तर पुढची साध्या पाण्याची द्या. आपल्या मावळात पावसाळ्यात साठलेले क्षार धुऊन जातात. पण दुष्काळी भागात माहेर असलेल्या मैत्रिणींनो, तिथं पाऊस कमी आणि बोअरचं पाणी आधीच खारं. तिथं जास्त जपायला हवं.

डायलिसिसचं पाणी टँकरने पेठेत आणणं परवडणार नाही. पण दवाखान्याने ते टाकीत साठवून स्वतःच्या बागेला आणि संडासाला वापरलं, तर तेवढं नळाचं पाणी वाचेल. तसा अर्ज आम्ही गटाच्या सह्यांनी दिला आहे. तुमच्या तालुक्याच्या गावी डायलिसिस होत असेल, तर तुम्हीही विचारा, "ताई, हे पाणी कुठं जातं?"