मागे राहिलेल्यांची टोळी



माझे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि संघटनेच्या कचेरीत जास्त. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नका. जे पाहिले ते सांगतो.

टोळ्या आता परतल्या आहेत, म्हणून गावात वर्दळ आहे. पण दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी घरे कुलूपबंद होतात आणि कोयते कारखान्याच्या वाटेला लागतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. अशाच एका हंगामात मी एका वस्तीवर गेलो होतो. तिथली एक आजी मोरीत घसरून पडली आणि रात्रभर तशीच पडून राहिली. सकाळी शेळी का ओरडते म्हणून शेजारीण डोकावली, तेव्हा कळले. फोन होता, पण उशाशी. पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. मी भेटायला गेलो तर आजी म्हणाली, "बाबा, तुमच्या संघटनेत आमचं नाव कुठं हाय का?"

मी निरुत्तर झालो. आमच्या मागणीपत्रात तोडणीचा दर होता, मुकादमाचे कमिशन होते, विमा होता. मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. पण जिने तीस वर्षे मोळ्या वाहिल्या, तिच्यासाठी आम्ही एक ओळही लिहिली नव्हती. हा दोष माझाही आहे.

यावर कोणी म्हणेल, वृद्धाश्रम काढा. पण आपली माणसे तिथे रमत नाहीत. तिथे दुसऱ्याच्या घंटेवर जेवायचे आणि दुसऱ्याच्या मर्जीने झोपायचे. डेन्मार्क देशात १९७२ साली काही कुटुंबांनी सेटेडामेन नावाची वसाहत वसवली. प्रत्येकाचे घर वेगळे, पण मध्ये एक सामाईक घर. तिथे पाळीपाळीने स्वयंपाक करायचा आणि कारभार सर्वांनी मिळून चालवायचा. पुढे खास वृद्धांसाठीही अशा वसाहती झाल्या. मी हे वाचले तेव्हा मला हसू आले. अहो, ही तर आपली टोळी! कारखान्यावर कोपीला कोपी लागून असते. एकीचे लेकरू दुसरी सांभाळते, एकाला ताप आला तर दुसरा पाणी देतो. ज्यांनी जन्मभर असे दिवस काढले, त्यांना म्हातारपणीच आपण एकेकटे का सोडावे?

पैसा कुठून आणायचा? सोलापूरकडे पाहा. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. केंद्र, राज्य आणि त्या स्त्रिया, तिघांनी खर्च वाटून घेतला. पुढे रे नगरच्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. मागे वर्षानुवर्षांची संघटना होती, म्हणून हे घडले. आपल्याकडे ग्रामीण घरकुलाला सरकारी अनुदान मिळते आणि घर २५ चौरस मीटरचे होते. ती घरे गावभर विखरून बांधण्याऐवजी दहा-बारा पात्र वृद्धांची घरे एका चौकाभोवती बांधा. चौकात एक सामाईक स्वयंपाकघर असू द्या. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारात एकट्याची चूलसुद्धा धड पेटत नाही. दहांनी वर्गणी केली तर एक भांडे सुखाने शिजते.

यंत्राचा उपयोगही इथेच आहे. फार महाग काही नको. मोरीत खडबडीत फरशी, भिंतीला धरायला दांडा, जमिनीपासून वीतभर उंचीवर घंटेचे बटण आणि घंटा चौकात. छपरावर उन्हाने पाणी तापवणारा बंब. एक चांगला फोन, ज्यावर ई-संजीवनीतून डॉक्टर दिसेल आणि फडातला मुलगाही दिसेल. पण एक ध्यानात ठेवा. घंटा वाजली तर धावणारा माणूस हवा; तो यंत्रातून निघत नाही. म्हणून आधी टोळी बांधायची, मग भिंती.

"पोरांनी म्हातारीला टाकले" असे लोक म्हणतील, ही भीती मला ठाऊक आहे. तिला कुलपामागे एकटी ठेवून जाताना आपण काय करतो, हे ज्याने त्याने मनाला विचारावे. इथे तिचे दार तिचे, किल्ली तिची. हंगाम सरला की मुलगा घरी नेईल. तिला यायचे असेल तर ती येईल.

पुढच्या दिवाळीपूर्वी निदान एका चौकाची जागा ग्रामसभेत मागू या. मागणीपत्रातली ती राहिलेली ओळ मी लिहून आणली आहे. सह्या तुम्ही करा.