सेकंदांच्या हिशेबात हवेचा वाटा

वसंत व्याख्यानमालेत ड्रॅग रेस हा विषय थोडा आडवळणाचा वाटेल. सरळ पट्टा, लांबी पाव मैल म्हणजे सुमारे 402 मीटर, आणि उभ्या जागेवरून सुटून शेवटची रेघ आधी कोण ओलांडतो एवढाच प्रश्न. वळण नाही, चढ नाही, डावपेच जवळजवळ नाहीत. म्हणून लोक समजतात की घड्याळाने दाखवलेला आकडा म्हणजे गाडीची निखळ लायकी. माझे म्हणणे असे, की ज्या सेकंदांशेजारी त्या वेळची हवा लिहिलेली नाही, ते सेकंद अर्धवट आहेत. हे जालनेकरांना पटवायला फार कष्ट पडू नयेत. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. अमुक वाणाने एकरी इतके क्विंटल दिले असे कुणी सांगितले, की इथला माणूस लगेच विचारतो, त्या साली पाऊस किती होता? गाडीच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण त्याची ताकद ठरते ती आत किती प्राणवायू जातो यावर. इंजिन मोजते आकारमान. त्या आकारमानात वजन किती भरले हे हवामान ठरवते. समुद्रसपाटीला 15 अंशांवर एक घनमीटर कोरड्या हवेचे वजन 1.225 किलो. जालना सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांवर इथे ते साधारण 1.17 किलो भरते, आणि मे महिन्याच्या दुपारी 40 अंशांवर 1.06 च्या आसपास येते. एकच गाव, एकच गाडी, आणि हवेत नऊ टक्क्यांची तूट. प्रमाण वातावरणाच्या भाषेत सांगायचे तर मेच्या दुपारी जालन्यातले इंजिन जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवरची हवा ओढत असते. आपले महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर आहे! पावसाळ्यात गणित आणखी बदलते. दमट हवा जड असते हा समज चुकीचा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते आणि ती प्राणवायूची जागा अडवते. 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर साडेतीन टक्के जागा नुसती वाफच खाते. नव्या गाड्यांतली इंधनयंत्रणा हवेप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करते, जुन्या कार्बोरेटरचे मात्र इंधन सोडणारे जेट बदलावे लागते. पण नसलेला प्राणवायू दोन्हींपैकी कुणीच आणू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो फरकाच्या आकाराचा. ताकद नऊ टक्के घटली तरी वेळ त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण पाव मैलाची वेळ साधारणपणे ताकदीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे फरक तीन टक्क्यांचा, आणि विरळ हवेत गाडीला होणारा अडथळाही घटतो, म्हणून त्याहून किंचित कमी. हे खरे आहे. पण बारा सेकंदांच्या धावेत तो फरक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो, आणि शेवटच्या रेघेपाशी गाडी ताशी 180 किलोमीटरने जात असेल तर त्याचा अर्थ सोळा-सतरा मीटर. ज्या खेळात निकाल शतांश सेकंदांवर लागतात, तिथे ही क्षुल्लक बाब नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन्ही गाड्या एकाच हवेत धावतात, मग अन्याय कसला? समोरासमोरच्या एका शर्यतीपुरते हे मान्य करावे लागेल, तेही दोन्ही गाड्या एकाच जातीच्या असतील तर. टर्बो लावलेले इंजिन हवा दाबून आत घेते आणि तूट बरीचशी भरून काढते. साध्या इंजिनाला ती सोय नाही. बॅटरीवरच्या गाडीला प्राणवायूच लागत नाही, उलट विरळ हवा तिच्या पथ्यावर पडते. शिवाय सकाळच्या फेरीतली वेळ दुपारच्या फेरीशी, यंदाची वेळ मागच्या सालाशी ताडून पाहिली की एकाच हवेचा युक्तिवाद संपतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ बँडिमियर स्पीडवे ही सुमारे 1770 मीटर उंचीवरची पट्टी 2023 पर्यंत चालू होती. तिथे काही गटांच्या वेळांना उंचीचे गुणक लावत.

मग अशा गुणकाचे सूत्र लावून वेळ दुरुस्त केली की झाले, असेही नाही. सूत्र इंजिनाची हवा सांगते, रस्त्याची पकड सांगत नाही. थंडीत इंजिन खूश असते, पण गार डांबरावर टायर जागच्या जागी फिरतात. पट्टा कोमट झाला की रबर धरते, आणि फार तापला की तेच रबर बुळबुळीत होते. वाऱ्याचेही तसेच. ताशी 180 च्या वेगाला ताशी 18 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर हवेचा अडथळा 21 टक्क्यांनी वाढतो.

आपल्या मातीतली सरळ शर्यत म्हणजे बैलजोड्यांचा शंकरपट. तिथेही जोडीची वेळ सेकंदांत मोजतात. 18 मे 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यतींचा कायदेशीर मार्ग पक्का झाला. बैलाला हवेची घनता इंजिनाइतकी जाचत नाही, त्याला जाचते ती उष्णता. आणि दमट दिवशी घाम सुकत नसल्याने तो जाच वाढतो. काळ्या मातीचा पट ओला असला तर खूर रुततात. म्हणजे कारणे वेगळी, पण हवामान न नोंदवता दोन पटांतल्या वेळा ताडणे तितकेच निरर्थक. इथे तर त्या नोंदीवर जनावराची प्रकृतीही अवलंबून आहे.

म्हणून संयोजकांना विनंती एवढीच: निकालपत्रकावर वेळेच्या रकान्याशेजारी तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, वारा आणि पट्ट्याची स्थिती असे पाच रकाने आखा. ते भरलेले नसतील, तर त्या वेळेला विक्रम म्हणू नका.